'रजनी'च्या आधीची प्रिया तेंडुलकर

दूरदर्शनवर १९८५ साली 'रजनी' ही मालिका सुरू झाली आणि प्रिया तेंडुलकर हे नाव घरोघरी पोहोचले. पुष्कळांची अशी समजूत आहे की, ही अभिनेत्री एका रात्रीत उदयास आली. वस्तुस्थिती तशी नाही. त्यावेळी त्यांचे वय तिशीचे होते आणि रंगभूमी व चित्रपट या दोन्ही ठिकाणी त्यांची उमेदवारी होऊन गेलेली होती. त्या उमेदवारीचा आणि 'रजनी'चा संबंध काय, हे पाहण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

प्रिया तेंडुलकर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. वडील विजय तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' या नाटकांनी मराठी समाज ढवळून निघाला, तो नेमका त्यांच्या वाढीचा काळ. अशा घरातील मुलीला नाटकाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पण आडनावाचे ओझेही सोबत येते. गिरीश कर्नाड यांच्या 'हयवदन' नाटकातील बाहुलीची भूमिका हे त्यांचे सुरुवातीचे काम. हे नाटक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक असेल की, त्यातील दोन बाहुल्या शोभेच्या नाहीत. घराच्या कोपऱ्यात बसून त्या नवराबायकोचे बोलणे ऐकतात, नायिकेच्या मनातले ओळखतात आणि ते बोलूनही दाखवतात. घरातले सगळे जिच्या ध्यानात येते आणि जिला गप्प बसवत नाही, अशी ती व्यक्तिरेखा आहे!

त्यानंतर १९७४ साली श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला. शबाना आझमी आणि अनंत नाग यांच्या कामाविषयी भरपूर लिहिले गेले; सरूच्या भूमिकेविषयी फारसे कोणी लिहिलेले आढळत नाही. सरू ही जमीनदाराच्या मुलाची बालपणी लग्न झालेली बायको. वयात आल्यावर ती सासरी नांदायला येते, तोवर चित्रपट बराच पुढे गेलेला असतो. घरात पाऊल टाकताच तिला लक्ष्मीचा वावर खटकतो आणि अखेर लक्ष्मीला त्या घरातून जावे लागते. भूमिका लहान, पण कठीण. सरूला दुष्ट दाखवणे सोपे होते. प्रियाबाईंची सरू दुष्ट नाही; ती आपले घर राखू पाहणारी, थोडी बावरलेली नवी नवरी आहे, आणि म्हणूनच तिच्या हातून होणारा अन्याय अधिक बोचतो. सरूची नजर घराच्या उंबरठ्यापलीकडे जात नाही. अकरा वर्षांनी याच अभिनेत्रीने उंबरठ्याबाहेर पडणारी गृहिणी उभी केली, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

'अंकुर'नंतर मोठ्या भूमिकांची रांग लागली असे मात्र झाले नाही. हॉटेलातील स्वागतिकेचे काम, हवाई सुंदरीची नोकरी, जाहिराती असे बरेच काही त्यांनी केले. पुढे 'गोंधळात गोंधळ' (१९८१), 'मुंबईचा फौजदार' (१९८४) यांसारख्या मराठी चित्रपटांतून त्या दिसल्या. हे चित्रपट करमणुकीचे. त्यांचे मूल्यमापन येथे करण्याचे कारण नाही. एवढेच की, साध्या घरगुती बोलण्याची सवय त्यांनी दिली असावी, असे आम्हास वाटते.

'रजनी'चे दिग्दर्शक बासू चटर्जी. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' यांमधून बसची रांग आणि कचेरीचे टेबल पडद्यावर आणणारा हा माणूस. १९८४ मध्ये 'हम लोग'ने मालिकेची गोडी लावली होती आणि देशाच्या बहुतेक भागांत दूरदर्शनखेरीज दुसरी वाहिनी नव्हती. रजनी ही मध्यमवर्गीय गृहिणी. गॅस सिलिंडर पोचवणारा असो की टॅक्सीवाला, गैरवाजवी वागणुकीला ती जाब विचारते. टॅक्सीचालकांवरील भागानंतर त्या व्यवसायातील लोकांनी निषेध केला. काल्पनिक बाईविरुद्ध खऱ्या माणसांना निषेध करावा लागला, यातच अभिनयाची पावती आली. कपाळाला ठसठशीत कुंकू, अंगावर साधी साडी आणि आवाज न चढवता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची रीत. पल्लेदार संवादांची तिला गरज पडली नाही.

तथापि एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. मुंबईच्या गृहिणीला जाब विचारायला रजनीने शिकवले नाही. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघाले, त्यात हजारो बायका होत्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करीत होती. मालिकेत या हजारोंची जागा एका बाईने घेतली, आणि अर्ध्या तासात तिचे गाऱ्हाणे मिटूही लागले. आपल्या नवी मुंबईकडे पाहिले की यातील उणीव स्पष्ट होते. 'रजनी'च्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरातील शेतकरी आपल्या संपादित जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना ज्या लढ्यातून आली, तो एका भागात आटोपणारा नव्हता. आज आपण ज्या वसाहतींत राहतो, शिकतो, त्यांच्या पायाखाली ती जमीन आहे. या जमिनीवर रजनी आली असती तर तिने कोणाला जाब विचारला असता?

हा दोष लेखनाचा आणि त्या माध्यमाच्या मर्यादेचा, अभिनेत्रीचा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा डिसेंबर १९८६ मध्ये झाला, त्याचे श्रेय मालिकेला देणे भाबडेपणाचे ठरेल. पण दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्या बाईला लोक 'मोठी रजनीच लागून गेलीस' म्हणू लागले, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. त्यात टोमणा होता, तसे थोडे कौतुकही होते.

पुढे प्रिया तेंडुलकर यांनी कथालेखन केले आणि १९९० च्या दशकात स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला. तेथे समोर खरी माणसे असत आणि प्रश्न लिहून दिलेले संवाद नसत. तरी विचारण्याची ढब तीच राहिली. १९ सप्टेंबर २००२ रोजी, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास एक महिना उरलेला असताना, त्यांचे निधन झाले.