सुरगाठच बांध

अगं, कात्री आधी खाली ठेव. आणल्या आणल्या कापड कापायला बसलीस, तर दोन धुण्यांनंतर शिवलेला ॲप्रन तुझ्या लेकीला होईल. कोरं सुती कापड आटतंच. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाल, सकाळी न पिळता वाळव, किंचित दमट असतानाच इस्त्री फिरव, आणि मग मापाची टेप हातात घे. रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून बघ. पाण्यात मूठभर मीठ टाकलं की रंग पक्का होतो, असं आई म्हणायची. मी केलंय. काही होत नाही.

कापड घ्यायचं ते मांजरपाट किंवा जाडसर खादी. दुकानदार चकचकीत, न चुरगळणारं काहीतरी पुढे करेल, त्यात पॉलिएस्टरचा धागा असतो. गॅसपाशी ते नको. सुती कापडही पेटतं, पण सिंथेटिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. आमच्या पिढीचा ॲप्रन म्हणजे पदर. हात पुसायला पदर, गरम पातेलं उतरवायला पदर, आणि स्टोव्हवर पेट घ्यायचा तोही पदरच. आणखी एक, घरातली जुनेरं पुढच्या बाजूला लावू नकोस. झिजलेल्या सुतातून तापलेलं तेल थेट आत येतं.

44 इंच पन्ह्याचं सव्वा मीटर पुरतं. काठ कापून टाक, तो वेगळा आटतो आणि कडेला चुण्या पाडतो. कापड उभ्या धाग्यात धर. उंची 34 इंच, रुंदी 28. उभी मधोमध घडी घाल. वर घडीपासून 5 इंचांवर एक खूण आणि मोकळ्या बाजूला वरून 10 इंच खाली दुसरी. खूण करायला साबणाची चीप घे, धुतली की जाते. दोन्ही खुणा सरळ रेषेने जोडून काप. बाजारच्या ॲप्रनला तिथे गोलाई असते, तिला उरेब पट्टी लावावी लागते. नवशिक्या हाताने ती हमखास ताणली जाते. तू सरळच ठेव.

आधी दोन्ही उभ्या बाजू अर्धा अर्धा इंच दुमड, मग वरची कड, मग खालची. सगळ्यात शेवटी त्या तिरक्या बाजू इंचभर आत दुमडून नेफा कर. त्यात एकच लांब नाडी ओवायची: एका बाजूने खालून वर, मानेमागून, दुसऱ्या बाजूने खाली. मग गळा ज्याचा त्याला जुळवता येतो, तुला, सासूबाईंना, जावईबापूंनाही. (ते घालतील, तू फक्त सांगू नकोस.) नाडी सव्वातीन वार हवी. उरलेल्या पट्ट्यांतून दोन इंच रुंदीचे तीन तुकडे जोड, चौघडी करून वरून टीप मार. नळी शिवून उलटवत बसायचा खटाटोप कशाला? ओवायला सेफ्टी पिन.

सुई 16 नंबरची लाव. घडीवर घडी आली की पायडल सोड आणि चाक हाताने फिरव, नाहीतर सुई तुटून तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. माझी दोनदा तुटली आहे, दोन्ही वेळा घाईतच.

खिसा मधोमध नको. ओट्याला टेकलं की त्यात पीठच साठतं. उजव्या मांडीवर, हात सहज जाईल एवढा खाली लाव, आणि दोन्ही वरच्या कोपऱ्यांना छोटा त्रिकोण शिव. खिसा तिथूनच उसवतो.

आता मुख्य सांगते. नाडी कमरेमागे बांधायची ती सुरगाठ. निरगाठ कधी नाही, कितीही घट्ट बसो. तेल अंगावर उडालं, पेट घेतला, तर एका ओढीत सुटलं पाहिजे. शिवून झालं की डोळे मिटून तीनदा बांध, तीनदा सोड. गळ्याची बाजू डोक्यावरून एका हाताने निघते का तेही बघ. अडकत असेल तर नाडी आणखी सैल सोड.

आणि तिरके कापलेले दोन तुकडे केरात टाकू नकोस. तिरकी बाजू तिरक्या बाजूला जोडलीस की वीतभर चौकोन होतो. जुनेर हवं ते इथे: आत चार थर घाल, धावदोऱ्याने आडवं-उभं शिव. पातेलं उतरवायला बरं पडतं.