मासा मेला तर गिऱ्हाईक गेलं : फिश टँकच्या धंद्यातलं खरं गणित

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की छोट्या गावात चालणाऱ्या धंद्यांवर एकेक लेख लिहीन. सगळ्यात जास्त विचारणा झाली ती अ‍ॅक्वेरियमच्या दुकानाची. चाळीसगावच्या बॅचमधला एक तरुण तर गाळा बघूनच आला होता, स्टेशन रोडला. म्हणाला, "सर, मॉलमध्ये मासे कसे झटपट विकले जातात, बघितलंय का तुम्ही?"

बघितलंय. विकतसुद्धा घेतलेत.

चार वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या साखळी दुकानात मुलीने हट्ट धरला. काचेचा गोल बाऊल, त्यात दोन गोल्डफिश, खाली रंगीत खडे. विकणारा पोरगा आदल्या महिन्यात खेळण्यांच्या विभागात होता, हे त्यानेच सांगितलं. पाणी किती दिवसांनी बदलायचं विचारलं तर म्हणाला, "घाण दिसलं की बदला." एक मासा चौथ्या दिवशी गेला, दुसरा नवव्या दिवशी. आमच्या आईने पोरीची समजूत काढली, पण पोरगी महिनाभर त्या रिकाम्या बाऊलकडे बघत होती. मी दुकानात परत गेलो. उत्तर काय मिळालं? "साहेब, स्वस्तातला मासा होता, नवीन घेऊन टाका."

त्या उत्तरावर मी बराच विचार केला. त्या पोराची चूक नाही. मोठ्या दुकानात मासा हा साबणासारखा एक आयटम असतो. माल ठरलेल्या वारी येतो, लगेच टाकीत पडतो, लगेच विक्रीला लागतो. बऱ्याच ठिकाणी सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. म्हणजे एका टाकीत पांढरे ठिपके आले की रोग सगळ्या भिंतीवर पोचला. मेलेले मासे सकाळी जाळीने काढायचे आणि नुकसानीच्या खात्यात टाकायचे. खेळणी, किराणा, कपडे यांच्या नफ्यात ते नुकसान बुडून जातं. अमेरिकेत वॉलमार्ट वर्षानुवर्षं जिवंत मासे विकत होतं, टाक्यांतल्या मेलेल्या माशांवरून लोक तक्रारी करत होते. शेवटी २०१९ मध्ये त्यांनी जिवंत मासे विकणंच बंद केलं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही तो विभाग नीट सांभाळता आला नाही, हे लक्षात ठेवा.

आता बाऊलमध्ये नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण हेच तुमचं भांडवल आहे. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया म्हणजे माशासाठी विष. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी घातक, आठवड्याला पाव-एक पाणी बदललं की आटोक्यात राहतं. पण हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नवीन टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले की ते स्वतःच्याच घाणीत गुदमरतात, आणि पाणी मात्र दिसतं काचेसारखं स्वच्छ! म्हणून "घाण दिसलं की बदला" हा सल्ला जीवघेणा. आणि सगळं पाणी एकदम बदललं, स्पंज नळाखाली धुतला, तर क्लोरीनने ते जिवाणूही मरतात. नळाचं पाणी भरून ठेवा, दिवसभर हवा लागू द्या, नाहीतर क्लोरीन मारणारं औषध वापरा.

गोल्डफिश तर बाऊलचा मासाच नाही. नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या वर जगतो, साधी जात वीतभर वाढते. फायटर माशाला वरची हवा घेता येते, म्हणून तो कपात कसाबसा तग धरतो. आणि कपात तग धरतो म्हणून लोक त्याला कपातच ठेवतात!

कायद्याचंही सांगतो, कारण हा प्रश्न नेहमी येतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव. मासा आला त्यात. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने खास मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले होते, त्यात गोल बाऊलला मनाई होती. व्यापाऱ्यांचा मोठा विरोध झाला आणि ते नियम मागे घेतले गेले. पुढे २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आले, त्यात राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे. दुकान टाकण्याआधी नोंदणीचं काम वकिलाकडून किंवा सीएकडून समजून घ्या. "गावात कोण विचारतं" या भरवशावर राहू नका.

आता गणित. आकडे समजण्यापुरते धरा, बाजारभाव नव्हेत. १०० मासे १२ रुपयांनी आणले, १२०० झाले. गाडीभाडं ३००. एकूण १५००. विक्री ३० रुपयांनी. पहिला दुकानदार माल आला तसा टाकीत ओततो, ४० मरतात. ६० विकून १८०० आले, हातात ३००. दुसरा दुकानदार नवीन माल दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो, औषध, खाद्य, वीज मिळून २५० जास्त घालतो, १० मरतात. ९० विकून २७०० आले, खर्च १७५०, हातात ९५०. पोल्ट्रीवाल्याला विचारा, तो पहिल्या दिवसापासून मरतूक वहीत लिहितो. मासेवाला का लिहीत नाही? कोणत्या व्यापाऱ्याचा माल, कधी आला, किती मेले, एवढी तीन खाणी काढा. तीन महिन्यांत कळेल कोणाकडून घ्यायचं नाही.

या गणितात गिऱ्हाईक अजून धरलंच नाही. मासा जगला तर माणूस खाद्याला येतो, स्पंजला येतो, सहा महिन्यांनी मोठी टाकी मागतो. मासा मेला तर टाकी माळ्यावर जाते आणि चौकात कोणी विचारलं की "काय भो, फिश टँक घेतला होता ना?", तर तुमच्याच नावाने बोंब होते.

चाळीसगावचं म्हणाल तर इथल्या दोन गोष्टी मॉलच्या पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली, ऊन. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याच्या गाळ्यात टाकीचं पाणी ३४-३५ अंशांपर्यंत तापतं, आणि बहुतेक माशांना २४ ते २८ लागतं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि माशाची गरज मात्र वाढते. त्यात लाइट गेली, पंप बंद पडला, की दोन-तीन तासांत भरलेली टाकी साफ. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप सजावटीच्या आधी घ्या. टाकीत मासे कमी ठेवा. उन्हाळ्यात माल रात्रीच्या गाडीने मागवा, आणि पिशवी आल्या आल्या फोडू नका. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग मासे जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

दुसरी गोष्ट बोअरचं पाणी. आपल्याकडे ते जड. बादलीवर पांढरा थर बसतो ना, तेच. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना ते मानवत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल मात्र जड पाण्यात मजेत राहतात आणि पिल्लंही भरपूर देतात. म्हणजे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून लांबचा प्रवास करून अर्धमेला आलेला मासा विकण्यापेक्षा परसात चार टाक्या करून इथल्याच पाण्यात जन्मलेला मासा विका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे युनिटसाठी ३ लाखांपर्यंतचा प्रकल्प खर्च धरला आहे, अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या अर्ज घेतात का, ते जळगावच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा.

काही माल मात्र दुकानात आणूच नका. सुई टोचून रंग भरलेले काच मासे येतात, रंग काही दिवसांत उडतो आणि बरेच मासे त्याआधीच मरतात. काच साफ करणारा सकर मासा "एवढासाच राहतो" म्हणून देऊ नका, तो फूटभर होतो. मग लोक कंटाळून तो नदीत सोडतात. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो माजलाय, उद्या तितूर नदीत दिसायला नको. मोठा झालेला मासा परत घेऊ, असं गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

त्या स्टेशन रोडच्या तरुणाने शेवटी गाळा घेतला, पण अर्धा. आज तो टाकी, फिल्टर आणि माती एका दिवशी देतो, आणि मासे तीन-चार आठवड्यांनी. टाकी देताना जुन्या फिल्टरचा थोडा स्पंजही देतो, म्हणजे जिवाणू लवकर धरतात. मासे नेण्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक बाटलीत पाणी घेऊन येतं, तो अमोनियाची तपासणी करतो, मगच मासे देतो. पहिल्या महिन्यात सात जण चिडून निघून गेले, हे त्याने मला फोनवर मोजून सांगितलं. त्यातले दोघे मॉलमधला मासा मेल्यावर परत आले. पाचांचं अजून काही कळलं नाही.