खदानीआधीची वही

गावाजवळ खदान येणार अशी कुणकुण लागली की लोक आधी जमिनीचा भाव विचारतात. विहिरीत आज पाणी किती खोल आहे, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे, याचा परिणाम मी जवळून पाहिला. चुनखडीची खदान खोल गेली आणि उन्हाळ्यात विहिरी तळाला लागल्या. गावाने बैठकीत गाऱ्हाणं मांडलं, तर समोरून एकच सवाल आला: पूर्वी पाणी किती हातांवर होतं? म्हाताऱ्यांच्या ध्यानात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. ‘पाऊस कमी झाला’ एवढ्यावर विषय मिटवला गेला.

आमच्याकडे काळ्या मातीखाली कुठे काळा पाषाण आहे, तर कुठे चुनखडी. हाच चुनखडीचा पट्टा नदीपल्याड कोरपन्याकडेही गेला आहे. चुनखडीत पाणी भेगांतून आणि पोकळ्यांतून चालतं. खदान पाण्याच्या पातळीखाली उतरली की पंप लावून सतत उपसा करावा लागतो, आणि आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. कोणत्या भेगेतून, ते वरून दिसत नाही. त्यामुळे खदानीला लागून असलेली विहीर भरलेली आणि लांबची कोरडी, असंही घडू शकतं. एका विहिरीचा आकडा दाखवून कुणी निर्वाळा देत असेल तर तो मान्य करू नका.

पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परिणाम अहवालाला बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी पुरते. त्यात मे महिन्याचा तळ आणि पावसाळ्यानंतरची भर दोन्ही येतीलच असं नाही. ही उणीव गावानेच भरून काढावी, आणि खदान सुरू होण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष.

मोजणी अवघड नाही, पण शिस्त लागते. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजतं: उन्हाळ्याअखेर, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. गावाने महिन्याला एकदा मोजावं. खरी अडचण मोटारीची आहे. तेलंगणात जानेवारी 2018 पासून शेतीला चोवीस तास वीज आली. स्टार्टर ऑटोवर ठेवला की मोटार रात्रीही चालते, आणि चालत्या मोटारीत घेतलेली पातळी काही कामाची नाही. शेजाऱ्यांशी बोलून आदल्या रात्री मोटारी बंद ठेवायच्या आणि पहाटे मोजायचं. एवढं एक जमलं नाही तर बाकीची मेहनत वाया जाते.

त्याच पाषाणातली, पण खदानीपासून चांगली लांब असलेली एक विहीर वहीत हवीच. शेजारी पावसाचे आकडेही. पाऊस दोन्हीकडे सारखा आणि खदानीकडच्याच विहिरी खाली गेल्या असतील, तर पावसाचं कारण पुढे करता येत नाही. राज्याच्या भूजल विभागाची पिझोमीटरं, म्हणजे पातळी मोजण्यासाठीच्या कूपनलिका, दर महिन्याला मोजली जातात. जवळच्या पिझोमीटरचे जुने आकडे मागा, सरळ मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या.

पाण्याच्या तपासणीत घाईने बोट दाखवू नका. फ्लोराइड आमच्या खडकातच आहे. नदीपल्याड झरी आणि केळापूर भागातही त्याचा जुना त्रास आहे. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर आकडा आला म्हणून तो खदानीनेच आला असं ठरत नाही, मात्र ते पाणी पिण्यासाठी बंद करायला हवं. नायट्रेट सुरुंगाच्या दारूतून येतं, तसं कापसाला दिलेल्या युरियातून आणि गोठ्यातूनही येतं. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. म्हणून फ्लोराइड, नायट्रेट, सल्फेट, कठीणपणा आणि एकूण क्षार यांची पहिली तपासणी खदानीआधीचीच हवी. हातपंप काही वेळ चालवून मगच नमुना घ्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आणि तारीख व जागा तिथल्या तिथे लिहा.

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला 1 जून आणि 1 डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो, आणि तो जनतेसाठी खुला असतो. त्यातल्या विहिरी कोणत्या, हे नकाशावर जुळवून पाहा. आपली विहीर त्यात यावी, ही मागणी मंजुरीआधीच्या लोकसुनावणीतच करा आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आमच्याकडची वडीलधारी माणसं मराठी वाचणारी आणि कागद तेलुगूत येतात. तेव्हा शाळा शिकलेल्या पोरांना आधीच सोबत बसवा.

खदान बंद पडली तरी मोजणी थांबवू नका. उपसा थांबल्यावर पाणी वर येतं आणि उघड्या पडलेल्या खडकातले क्षार सोबत आणू शकतं. तेव्हा पातळी सुधारलेली दिसेल, चव बिघडलेली असेल. त्या वर्षांत क्षार आणि सल्फेटची तपासणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा करा.