आधी दाखला, मग फी

कळसाडीतल्या मुलामुलींचे प्रवेश-अर्ज भरून देणं हे माझं निवृत्तीनंतरचं काम. मध्यंतरी जिल्ह्याबाहेरच्या एका पॅरामेडिकल संस्थेच्या मान्यतेवरून कोर्टकज्जा सुरू झाला आणि गावातल्या काही मुलींची फी तिथे अडकली. काहींचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जाणारे. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून ती फी गेली होती. तेव्हाच्या धावपळीत जे कळलं ते लिहितो.

१. नुसत्या ‘शासनमान्य’ पाटीवर जाऊ नका. पुष्कळदा तिच्यामागे धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी एवढंच असतं. शिकवायची परवानगी वेगळी असते आणि ती अभ्यासक्रमाला असते. आयटीआयमध्ये तर ट्रेडनिहाय, तुकडीनिहाय. म्हणून चालू वर्षाचं, त्याच अभ्यासक्रमाचं मान्यतापत्र मागायचं आणि संबंधित मंडळाच्या किंवा परिषदेच्या यादीत ते नाव आहे का, हे स्वतः बघायचं. अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रमांना मनाई करणारा महाराष्ट्राचा 2013 चा कायदा आहे. व्यवसाय शिक्षणही त्यात येतं.

२. पावती तिथेच उभं राहून वाचा. एका मुलीच्या वडिलांनी घडी घालून पाकिटात जपलेली पावती मला दाखवली. वर ट्रस्टचं नाव, रक्कम बरोबर, सही-शिक्का ठीक आणि कारणाच्या रकान्यात ‘देणगी’. अभ्यासक्रमाचं नाव नाही, वर्ष नाही. प्रवेशासाठी देणगी घ्यायला आपल्याकडे 1987 पासून कायद्याने बंदी आहे. पण पैसे परत मागायला गेलं की हाच कागद पुढे करून ‘तुम्ही राजीखुशीने दिले’ असं ऐकवतात. फी बँकेतूनच भरा, संस्थेच्याच खात्यात भरा आणि एका वेळी एकाच सत्राची भरा. दोन वर्षांची फी एकदम भरली तर सूट देतो म्हणणाऱ्यांची मला आता भीती वाटते.

३. स्टे म्हणजे निकाल नव्हे. “सर, त्यांना स्टे मिळालाय म्हणतात. मग आता काळजी नाही ना?” हा प्रश्न मला घरोघरी ऐकावा लागला. आदेशाची प्रत मागा. ती देत नसतील तर केस नंबर घ्या. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली प्रकरणं हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात जातात आणि आदेश संकेतस्थळावर वाचता येतात. स्टे कशाला मिळालाय ते पाहा: मान्यता काढण्याला, नवे प्रवेश थांबवण्याला की नुसत्या दंडाला? प्रवेश-अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सदर प्रवेश मा. न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहील’ असं छापलेलं असेल, तर सगळा धोका विद्यार्थ्याच्या माथी आला. तिथे पुढचा हप्ता भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. गडबडीची कुणकुण लागली की आधी मूळ कागद सोडवा. दाखला, गुणपत्रिका, जातवैधता. वैधतेसाठी आदिवासी घरांना किती खेटे घालावे लागतात ते मी पाहिलंय. पैसे मागाहून मिळतील, पण मूळ कागद अडकले तर दुसरीकडे प्रवेशच होत नाही. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसी आणि एआयसीटीई दोघांचीही मनाई आहे. संस्था त्यांच्या कक्षेत नसली तरी अर्जात या नियमाचा हवाला जरूर द्यावा.

५. शिष्यवृत्तीचं बँक खातं, एटीएम कार्ड, ओटीपी संस्थेच्या हाती देऊ नका. शिष्यवृत्ती घोटाळ्याच्या चौकशीसाठी 2016 मध्ये राज्याला विशेष पथक नेमावं लागलं होतं. फीसाठी मुलीच्या नावावर कर्ज काढलं असेल, तर संस्था बंद पडली म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत. कर्ज देणाऱ्याला त्याच आठवड्यात लेखी कळवा.

६. तोंडी काही नको. फी परतीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. मग ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढची वाट मात्र सरळ नाही. पाटण्याच्या एका डेंटल कॉलेजने विद्यापीठाची संलग्नता आणि परिषदेची मान्यता असल्याचं भासवून प्रवेश दिले होते. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ग्राहक कायद्यात बसवलं आणि विद्यार्थ्यांना व्याजासह फी, वर भरपाई मिळाली. पण 2020 च्या जानेवारीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने, कोचिंग क्लास सोडून, व्यवसाय शिक्षणासह सगळ्या शिक्षणसंस्था कायद्याबाहेर ठेवल्या. त्यावरचं अपील त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने दाखल करून घेतलं. म्हणून तक्रारीत ‘शिकवणं वाईट’ हे रडगाणं नको, ‘मान्यता नसताना आहे असं सांगून पैसे घेतले’ हे जाहिरातीच्या कागदासकट लिहा. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावं लागतं, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं. वकिलाच्या खर्चाला भिऊन थांबू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी नंबर 15100.

७. एकेकट्याने जाऊ नका. आमच्या मुली वेगवेगळ्या गेल्या तेव्हा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. सगळ्यांचा एकत्र अर्ज, सोबत पावत्यांच्या झेरॉक्स आणि दोन-चार पालक घेऊन गेलो, तेव्हा मूळ कागद त्याच दिवशी टेबलावर आले. फी थोडी थोडी करत आली, काही अजून यायची आहे.

८. आणि फीची वाट बघत मुलीला घरी बसवू नका. घरी बसली की लग्नाचं बोलणं निघतं. आयटीआयच्या केंद्रीय फेऱ्या झाल्या तरी शेवटी संस्था पातळीवर समुपदेशन फेरी असते. रिकाम्या जागा तिथे भरतात, पण मूळ कागद हातात असावे लागतात. आमच्या मुलींपैकी दोघी अशाच शहाद्याच्या शासकीय आयटीआयला लागल्या. जुन्या संस्थेकडे राहिलेल्या पैशांसाठी तारखांना आता त्यांचे वडील जातात.