बरडीला पडीक म्हणण्याआधी

रोहिणखेड हे घाटाखालचं गाव. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा कडा, त्यावर बुलडाण्याचं पठार. उत्तरेला मलकापूरकडे पसरत गेलेली काळी जमीन. या दोहोंच्या मधला पायथ्याचा पट्टा मुरमाड, बरड. पावसाळ्यात त्यावर मारवेल, पवन्या, कुसळी वाढते, दिवाळीनंतर पिवळी पडते आणि चैत्रात नुसते दगड उरतात. अशाच एका बरडीवर, या पायथ्याच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ, जमिनीत, ‘पडीक’ असा रंग भरलेला नकाशा मी पाहिला. उपग्रहाच्या चित्रावरून केलेला. त्याच्या भरवशावर खड्डे खोदले गेले, रोपं लागली, चराई बंद झाली. मेंढरं न्यायची कुठं, हे कुणी विचारलं नाही. रोपं उन्हाळ्यात वाळून गेली, आणि उकरलेल्या मुरमावर जुनं गवतही पहिल्यासारखं धरलं नाही.

नकाशा हाती आला की पहिला प्रश्न विचारा: चित्र कोणत्या महिन्यातलं? उपग्रहाला गवत किंवा सागवान ओळखू येत नाही. त्याला परत आलेला प्रकाश मोजता येतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं, त्या फरकावरून हिरवाई ठरते. एप्रिलमध्ये सालई, साग यांची पानगळ झालेली असते, तेव्हा चांगलं रानही उजाड दिसतं. ऑक्टोबरात कपाशी आणि तूर इतकी दाट असते की शेत आणि झाडोरा एका रंगात मिसळतात. म्हणून एका चित्रावर निर्णय नको. वर्षभराची चित्रं ओळीनं लावा. गवत पहिल्या पावसाबरोबर उठतं आणि पाऊस सरला की उतरतं. ओलिताचा हरभरा-गहू जानेवारीत हिरवा असतो. फळबाग बारा महिने हिरवी राहते. हा चढउतार पाहिला की जमीन आपली ओळख स्वतः सांगू लागते. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह 2015 पासून दर काही दिवसांनी आपल्यावरून जातात आणि त्यांची चित्रं फुकट मिळतात, त्यामुळे ‘एकच चित्र मिळालं’ ही सबब आता चालत नाही.

आपल्या कड्याची एक खास अडचण आहे. त्याचा उतार उत्तरेकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात, तेव्हा उतार सावलीत असतो. त्या काळोख्या पट्ट्याला संगणक कधी दाट जंगल म्हणतो, कधी चक्क पाणी. घाटाखालच्या कोणत्याही नकाशात कड्याची कडा आधी तपासा.

सेंटिनेलच्या चित्रातला एक चौकोन 10 मीटरचा, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-3 कॅमेऱ्याचा चौकोन 23.5 मीटरचा, म्हणजे साडेपाच आर. नाल्याकाठची झाडांची अरुंद ओळ अशा मोठ्या चौकोनात शेताबरोबर विरघळून जाते. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलरवाला वाघ 2019 मध्ये शेताशिवारांतून चालत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. अशा जनावराला दिवसभर दडायला जी झुडपं लागतात, तीच नेमकी नकाशातून गळतात.

सगळ्यात मोठी गफलत मात्र वर्गवारीतच आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे किमान 1 हेक्टर जमिनीवर झाडांचं छत्र 10 टक्के असलं की ते वनाच्छादन, मालकी कुणाचीही असो. त्यामुळे आंब्याची बागही त्यात मोडते आणि शतकानुशतकांचं कुरण बाहेर राहतं. झुडपी रानं तर सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात जाऊन बसतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी 2022 साली निमकोरड्या प्रदेशातल्या अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा उपग्रहावरून नकाशा केला. देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा या परिसंस्थांनी व्यापलेला निघाला, आणि त्यातला 5 टक्केही भाग संरक्षित नव्हता. लांडगा, खोकड, काळवीट यांचं हेच घर. मला या उपेक्षेची चीड येते.

म्हणून नकाशाची छापील प्रत घेऊन शिवारात जा, आणि सोबत मेंढपाळाला न्या. कुठलं गवत कोणत्या महिन्यात चारायचं, कुठं पाणी झिरपतं, तित्तर कुठं अंडी घालतो, हे त्याला ठाऊक असतं. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, चारही दिशांचे फोटो काढा, तारीख लिहा. नकाशा जिथं चुकीचं बोलतो तिथं खूण करा. ठिकाणं मात्र आधीच नकाशावरून चिठ्ठ्या टाकून निवडा, नाहीतर रस्त्याकडेचीच जमीन तपासली जाते.

जैविक विविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही काढून पाहा. तिच्यात बरडीवरचं गवत नसेल, तर वृक्षलागवडीचे खड्डे आखले जाण्याआधी ग्रामसभेत विषय मांडा आणि ते नावानिशी लिहून घ्या.