घरी आलं की कुलूप का लागतं?

प्रश्न : मुलगी पुणे विद्यापीठात एम.ए. करते. जयकर ग्रंथालयात बसली की परदेशी संशोधन-नियतकालिकांतले लेख फुकट उघडतात. घरी त्याच लॅपटॉपवर तोच लेख उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. अर्ध्या तासात लॅपटॉपचं काय बिनसतं?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे, बदलतो तो पत्ता. इंटरनेटवरच्या प्रत्येक जाळ्याला आकडी पत्ता असतो, त्यालाच आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. विद्यापीठाचे पत्ते प्रकाशकाकडे आधीच नोंदवलेले असतात. मागणी त्या पत्त्यावरून आली की दार उघडतं. वाचणारी एम.ए.ला आहे की नुसती पंख्याखाली बसायला आली आहे, याची तिकडे चौकशी नसते. सोसायटीचा वॉचमन गाडीवरचं स्टिकर बघून आत सोडतो, गाडीत कोण आहे ते बघत नाही, त्यातलाच प्रकार. घरच्या वायफायला ते स्टिकर नाही.

‘फुकट’ मात्र म्हणू नका. पूर्वी ग्रंथालय अंक विकत घेऊन बांधून ठेवायचं. वर्गणी थांबली तरी खंड कपाटात राहायचे. आता बहुतेक ठिकाणी भाडं भरायचं, आणि ते थकलं की कपाटच गायब! १ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकार ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांसाठी हे भाडं एकत्र भरतं : तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. म्हणजे तुमच्या करातूनच.

घरून वाचायची सोयही आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था त्यासाठीच आहे. संस्थेनं खातं काढून दिलं की पासवर्ड टाकून आत जाता येतं. तिथं पत्ता नाही, माणूस तपासला जातो. मुलीला काउंटरवर जाऊन विचारायला सांगा. हल्लीची मुलं गुगलला शंभर प्रश्न विचारतील, पण समोर बसलेल्या ग्रंथपालांना एक विचारायचा संकोच!

गंमत म्हणजे या दारांमागे पुण्याचंही सामान आहे. भांडारकर संस्थेचं ‘अ‍ॅनल्स’ आणि डेक्कन कॉलेजचं ‘बुलेटिन’, दोन्ही नियतकालिकं अमेरिकेच्या जेस्टोर या डिजिटल संग्रहावर. लॉ कॉलेज रस्त्यावरून निघालेला लेख वाचायला कोथरूडकरानं न्यूयॉर्कला वळसा घालायचा.

तुम्हाला स्वतःला वाचायचं असेल, तर जेस्टोरवर वैयक्तिक खातं विनामूल्य उघडता येतं. त्यावर महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून मात्र घेता येत नाहीत. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. आणि मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश, शिवाय दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. तिथं ना पत्ता विचारतात, ना पासवर्ड.