घाटातला पाऊस आणि अंगावरचे जाकीट

श्रावणात वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून तुम्ही कोल्हापूरहून राधानगरीला निघालात, तर ऊन, वारा, पाऊस तिन्ही भेटतात. अशा वेळी जाकीट कोणते घालावे?

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ओल्या सदऱ्यावर वारा लागला की ही उष्णता तुमच्या अंगातून जाते. हुडहुडी भरते, चालवणाऱ्याची बोटे बधिर झाली, तर ब्रेक दाबायला उशीर होतो!

रबरी रेनकोट पाऊस अडवतो, पण घामाची वाफही अडवतो. थंड अस्तरावर तिचे पुन्हा पाणी होते. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. मात्र दाजीपूरच्या धुक्यात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली. तेथे त्याचे काम मंदावते.

धनगराची घोंगडी आठवा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही कोरडी लागते. म्हणून आत पातळ लोकरी स्वेटर आणि वर काखेत चेन असलेले, पाणी न शिरणारे जाकीट बरे. ऊन पडले की चेन उघडावी.

कापड पारखायचे आहे? कपात गरम पाणी घेऊन तोंडाला कापड बांधा व वर थंड आरसा धरा. आरसा धुरकटतो का, पाहा.